कानोसा आणि हाक



हजरत उमर (रजि.) यांच्या रात्रीच्या फेरीच्या कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकल्या आहेत. मदरशात त्या मला तोंडपाठ होत्या. तरीही एक साधी गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. त्यांतील बहुतेक कथा कानाच्या आहेत. रात्रीच्या मदीनेत दिसत असे थोडे आणि ऐकू येत असे पुष्कळ. शहराबाहेर चुलीच्या उजेडाजवळ उपाशी लेकरांचे रडणे कानी आले, तेव्हा अमीरुल मोमिनीन यांनी पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर वाहून नेले. पती मोहिमेवर गेलेल्या एका स्त्रीची विरहव्यथा भिंतीपलीकडून ऐकू आली, तेव्हा सैनिकांनी घरापासून किती महिने दूर राहावे याचा नियमच त्यांनी ठरवून दिला. आणि एका रात्री एका घरातून गाण्याचा आवाज आला, तेव्हा ते भिंत चढून आत उतरले.

ही तिसरी कथा इमाम खराइती यांनी नोंदविली आहे आणि इमाम गझाली (रह.) यांनी ती 'इह्या'मध्ये घेतली आहे. आत एक मनुष्य मद्य घेऊन बसला होता. खलिफांनी त्याला फटकारले. तो घाबरला नाही. त्याने उत्तर दिले ते असे, की माझ्या हातून अल्लाहची एक अवज्ञा झाली असेल, पण आपल्या हातून तीन झाल्या आहेत. अल्लाहने हेरगिरीस मनाई केली, आपण हेरगिरी केलीत. घरात दारातून यावे असे फर्माविले, आपण भिंतीवरून आलात. परवानगी घेऊन आणि सलाम करून आत यावे असे सांगितले, आपण दोन्ही केले नाही. हजरत उमर (रजि.) यांनी त्याला तसेच सोडले आणि ते बाहेर पडले.

कथेचा हा शेवट आपण वक्त्यांच्या तोंडून खलिफांच्या नम्रतेचा दाखला म्हणून ऐकतो. मला तो आज वेगळ्या कारणासाठी आठवतो आहे. रात्रीचा तो पहारा आता यंत्रे करू लागली आहेत, आणि यंत्राला कोणी तीन आयती ऐकवू शकत नाही.

अमेरिकेतील शिकागो शहराचे उदाहरण घ्या. तेथील २२ पोलीस विभागांपैकी १२ विभागांत इमारतींच्या छपरांवर आणि दिव्यांच्या खांबांवर मायक्रोफोन बसविलेले होते. 'शॉटस्पॉटर' हे त्या यंत्रणेचे नाव. ती चालविणारी कंपनी कॅलिफोर्नियातील असून १९९६ साली स्थापन झाली. यंत्रणेची रीत थोडक्यात अशी. एखादा मोठा, अचानक आवाज झाला की तो वेगवेगळ्या मायक्रोफोनांपर्यंत किंचित वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो. किमान तीन ठिकाणी तो टिपला गेला, की त्या क्षणांतील फरकावरून संगणक आवाजाची जागा काढतो. तो आवाज गोळीचा की फटाक्याचा, हे तोच आधी ठरवितो. मग कंपनीच्या कार्यालयातील एक माणूस तो तुकडा ऐकून निर्णय पक्का करतो किंवा बदलतो, आणि साधारण मिनिटभरात पोलिसांना सूचना जाते.

यात वाईट काय, असे आपण विचाराल. प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिल्या पायरीवर वाईट काहीच नाही. उलट येथे फिक्हची बाजू यंत्राकडे झुकते. इमाम गझालींनी लिहिले आहे की वाद्यांचा आवाज येतो का हे पाहण्यासाठी दुसऱ्याच्या घराला कान लावणे वैध नाही. परंतु आवाज आपण होऊन भिंतीबाहेर आला आणि रस्त्यावरच्याला ऐकू गेला, तर ती बाब 'ज़ाहिर', म्हणजे उघड झाली. इमाम मावर्दी यांनी 'अल-अहकामुस्सुल्तानिया'मध्ये आणखी एक अपवाद दिला आहे. अमुक मनुष्य दुसऱ्याला ठार करण्यासाठी एकांतात घेऊन गेला आहे अशी खबर विश्वासू व्यक्तीने दिली, तर तेथे शोध घेणे वैध ठरते, कारण गेलेला प्राण पुन्हा आणता येत नाही. गोळीचा आवाज हा दोन्ही अटींत बसतो. तो भिंत ओलांडून येतो, आणि त्यात एखाद्याचा जीव असू शकतो. गोळी लागून पडलेल्या मुलासाठी कोणीही फोन केला नाही आणि यंत्राने पोलिसांना बोलावले, तर त्या मुलाच्या आईला आपण हेरगिरीचे नियम सांगणार आहोत काय? २०२४ साली शिकागोचे महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी ही यंत्रणा बंद करण्याचे ठरविले, तेव्हा नगर परिषदेतील बहुसंख्य सदस्य ती ठेवावी याच मताचे होते. त्यांना मूर्ख म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. २२ सप्टेंबर २०२४ रोजी ती सेवा बंद झाली.

अडचण पुढे आहे. एक आवाज ओळखायचा तर सगळे आवाज ऐकत राहावे लागतात. गोळी कधी सुटेल हे ठाऊक नसते, म्हणून कान अष्टौप्रहर उघडा. त्या मायक्रोफोनांत तासन् तासांचा आवाज साठत राहतो आणि ठरावीक काळाने पुसला जातो. कंपनी म्हणते की आम्ही संभाषण ऐकत नाही, आणि बहुतांश वेळा ते खरेही असेल. पण २००७ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे मरणासन्न माणसाने मारेकऱ्याला उद्देशून काढलेले शब्द त्या मायक्रोफोनने टिपले आणि ते न्यायालयात पुरावा म्हणून आले. २०११ साली मॅसेच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे रस्त्यावरचे भांडणही असेच नोंदले गेले. या दोन्ही ठिकाणी मृत्यू झाला होता, न्याय करायचा होता, हे मी विसरत नाही. एवढेच म्हणतो की जो कान गोळीसाठी उघडला होता, त्यात माणसाचे शब्दही पडले. कानाला पापणी नसते, हे खरे आहे. पण शेजाऱ्याच्या कानाला विस्मरण असते आणि लाज असते. यंत्राजवळ यांतील एकही नाही.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या शिकवणुकीत या संदर्भात एक विलक्षण बारकावा आहे. अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत येते की एखादा मनुष्य काही बोलला आणि बोलून त्याने आजूबाजूला पाहिले, तर ती गोष्ट ऐकणाऱ्याजवळ 'अमानत', म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव होते. "कोणाला सांगू नका" असे त्याने म्हणण्याचीही गरज नाही. मान वळवून पाहणे पुरे. या एका हालचालीवर माणसामाणसांतील केवढा व्यवहार उभा आहे! आणि डोक्यावरच्या खांबावर मायक्रोफोन असेल, तर ती मान कोणासाठी वळायची?

आता साक्षीचा प्रश्न. हनफी फिक्हचा 'हिदाया' हा ग्रंथ आपल्या मदरशांत पिढ्यान् पिढ्या शिकविला जातो. त्यात साक्षीच्या प्रकरणात एक मसला आहे. पडद्याआडून केवळ आवाज ऐकणाऱ्याने त्याच्या आधारे साक्ष देऊ नये, कारण एक आवाज दुसऱ्या आवाजासारखा असतो. अपवाद एकच: साक्षीदाराने स्वतः आत जाऊन खात्री केली असावी की घरात त्या माणसाखेरीज कोणी नाही, आणि मग तो दारावर बसून राहिला असावा. मालिकी विद्वान आवाजाच्या ओळखीवर अधिक भरवसा ठेवतात, आंधळ्या माणसाची आवाजावरून दिलेली साक्ष ते मान्य करतात. म्हणजे प्रश्न एकतर्फी नाही. विद्यार्थी असताना हा मसला मला जुनाट वाटला होता. परीक्षेपुरता पाठ केला आणि सोडून दिला.

तो मला पुन्हा भेटला तो शिकागोच्या एका खटल्यात. २०२० साली एका साठी ओलांडलेल्या गृहस्थांवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. पुराव्यात मोटारीचे आवाजाविना असलेले एक चित्रण होते आणि या यंत्रणेने टिपलेला एक आवाज होता. न्यायालयीन कागदपत्रांनुसार यंत्राने तो आवाज प्रथम फटाक्याचा ठरविला होता. नंतर कंपनीच्या माणसाने तो गोळीचा केला. ते गृहस्थ जवळजवळ वर्षभर तुरुंगात राहिले. जुलै २०२१ मध्ये सरकारी पक्षानेच पुरावा अपुरा असल्याचे सांगितले आणि खटला संपला. एक आवाज दुसऱ्या आवाजासारखा असतो, हे वाक्य लिहिणाऱ्या फकीहने शिकागो पाहिले नव्हते.

कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये सहावी आयत खबर पारखून घेण्याची आहे आणि बारावी संशय व हेरगिरी यांपासून दूर राहण्याची. मधे फक्त पाच आयती आहेत. आपण बहुधा बारावीवर थांबतो. यंत्राच्या बाबतीत सहावीची गरज अधिक आहे, असे मला वाटते. माणूस खबर घेऊन आला की आपण विचारतो: तू कोण, तुला कसे कळले, तुझे त्याच्याशी वैर तर नाही? यंत्र खबर घेऊन आले की आपण म्हणतो, यंत्र आहे, त्याला कशाला खोटे बोलायचे आहे? खरेच आहे, ते खोटे बोलत नाही. पण न खोटे बोलताही चुकीची खबर देता येते, आणि तिच्यापायी अजाणतेपणी कोणाला इजा पोहोचली तर पश्चात्ताप करणाऱ्याला ती चूक यंत्रावर लोटून मोकळे होता येणार नाही. कान, डोळे आणि हृदय, प्रत्येकाचा जाब विचारला जाईल, असे सूरह बनी इस्राईलच्या छत्तिसाव्या आयतीत आले आहे. भाड्याने घेतलेल्या कानाचा जाब कोणाला विचारला जाईल? माझ्या समजुतीप्रमाणे, भाडे देणाऱ्याला.

शिकागोच्या महानिरीक्षक कार्यालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. १ जानेवारी २०२० ते ३१ मे २०२१ या सतरा महिन्यांत गोळीबाराच्या म्हणून कळविलेल्या ५०,१७६ सूचना तपासल्या गेल्या. त्यांपैकी ९.१ टक्के सूचनांच्या जागी बंदुकीशी संबंधित गुन्ह्याचा पुरावा सापडल्याची नोंद होती. कंपनीचे म्हणणे असे की तिची अचूकता ९७ टक्के आहे, आणि पुरावा सापडला नाही म्हणजे गोळी सुटलीच नाही असे होत नाही. हा युक्तिवाद मी उडवून लावत नाही. रिकामे काडतूस कोणी उचलून नेले असेल, माणूस पळून गेला असेल. मला अधिक बोचली ती त्याच अहवालातील दुसरी नोंद. ज्या भागातून अशा सूचना वारंवार येतात, तेथे काही पोलीस अधिकारी रस्त्यावरच्या माणसाला थांबविण्यासाठी आणि त्याची झडती घेण्यासाठी या वारंवारतेचेच कारण देऊ लागले होते. म्हणजे त्या वेळी कोणता आवाज झाला हा प्रश्न उरलाच नाही. माणूस ज्या रस्त्यावर उभा आहे, तो रस्ताच संशयित झाला. मायक्रोफोन ज्या बारा विभागांत होते, तेथील बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे.

वस्ती संशयित होणे म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पण याच कारणाने आपण सावधही राहिले पाहिजे. आपल्या दुखण्याशी जुळते म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही. हदीस आपल्याला जे देते ते दुखण्यापेक्षा मोठे आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत मुआविया (रजि.) यांच्याकडून आले आहे की लोकांच्या दोषांच्या मागे लागाल तर त्यांना बिघडवाल. हे शब्द ऐकणारे पुढे स्वतः शासक झाले. त्यांचा रोख पाळत ठेवली जाणाऱ्याच्या दुःखावर नाही, तर पाळतीच्या परिणामावर आहे. संशयाखाली राहणारा माणूस सुधारत नाही. तो एक तर दांभिक होतो किंवा निर्ढावतो.

गोळीपर्यंत गोष्ट थांबली असती तर कदाचित हा लेख मी लिहिला नसता. अमेरिकेतील काही शाळा आणि रुग्णालये यांत 'आक्रमकता ओळखणारे' मायक्रोफोन बसविण्यात आले. त्यांतील प्रणाली नेदरलँड्समधील एका कंपनीची होती, आणि आवाजातील ताण व रोष हेरून भांडण होण्यापूर्वीच ते कळवावे असा तिचा उद्देश होता. २०१९ साली 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारितेच्या संस्थेने ते उपकरण विद्यार्थ्यांसमवेत तपासून पाहिले. खोकला, मोठ्याने हसणे, लॉकरचे दार आपटणे यांना ते यंत्र आक्रमकता म्हणत होते, आणि काही वेळा खऱ्या किंकाळीवर गप्प राहत होते. येथे आपण ज़ाहिरची हद्द ओलांडली. गोळी ही घडलेली गोष्ट आहे. रोष ही हृदयातील गोष्ट आहे, आणि अजून ती कृतीत उतरलेली नाही. तिच्यावर निवाडा देण्याचा अधिकार अल्लाहने स्वतःच्या प्रेषितांनाही दिला नाही, लोकांची हृदये फाडून पाहण्याचा आदेश मला झालेला नाही, या अर्थाचे प्रेषितांचे (सल्ल.) वचन बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

फ्रान्सने या बाबतीत काहीसा शहाणपणा दाखविला. सेंत-एतियेन शहरातील एका वस्तीत किंकाळी, काच फुटणे असे आवाज टिपणारी यंत्रे बसविण्याचा बेत २०१९ साली तेथील माहिती-संरक्षण आयोगाच्या इशाऱ्यानंतर थांबला. ओर्लेआँ शहराने २०२१ मध्ये एका स्थानिक कंपनीशी करार करून कॅमेऱ्यांना मायक्रोफोन जोडण्याचे ठरविले; १२ जुलै २०२४ रोजी तेथील प्रशासकीय न्यायालयाने ते बेकायदा ठरविले.

तथापि सर्व ध्वनियंत्रांना एकाच काठीने हाकू नये. २०२० च्या सुरुवातीला मुंबई वाहतूक पोलिसांनी एक गमतीदार प्रयोग जाहीर केला होता. सिग्नलला आवाज मोजण्याचे यंत्र जोडले. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटगणती पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाजवा आणि थांबा! ते यंत्र कोणाला ओळखत नव्हते, कोणाचे शब्द ऐकत नव्हते. ते तराजूसारखे होते. याच न्यायाने मी आणखी एक गोष्ट सांगतो, जी काही वाचकांना रुचणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. अजानच्या भोंग्यासमोर कोणी डेसिबलमापक धरला, तर त्याला 'तजस्सुस' म्हणू नये. अजान हीच मुळी सर्वांनी ऐकावी म्हणून दिलेली हाक आहे. तिचे वजन करणे म्हणजे हेरगिरी नव्हे. मोजमाप सर्वांना सारखे लावले जाते की नाही, हा निराळा प्रश्न आहे आणि तो जरूर विचारावा. पण दोन प्रश्नांची भेसळ करू नये.

बी.ए.ला मराठी घेतले होते, त्यामुळे शब्दांपाशी थांबण्याची खोड लागली आहे. कुरआनातील 'तजस्सुस' या शब्दाच्या जोडीने हदीसमध्ये 'तहस्सुस' हाही शब्द येतो, आणि दोहोंना मनाई आहे. इमाम औजाई (रह.) यांनी फरक सांगितला आहे: तजस्सुस म्हणजे एखाद्या गोष्टीचा माग काढणे, आणि तहस्सुस म्हणजे लोकांना नको असताना त्यांचे बोलणे ऐकणे, त्यांच्या दाराशी कान देणे. मराठीत या दुसऱ्या शब्दासाठी मला 'कानोसा' हाच शब्द सुचतो. मौज अशी की दोन्ही भाषांत हा शब्द मुळात वाईट नाही. हजरत याकूब (अलै.) आपल्या मुलांना यूसुफ (अलै.) यांचा शोध घ्यायला पाठवितात, तेव्हा कुरआनने तहस्सुसचेच क्रियापद वापरले आहे. आपली आईही पाळण्यातल्या बाळाचा कानोसा घेतेच. मग कानोसा पाप कधी होतो? ज्याचा घेतला त्याच्या भल्यासाठी तो घेतला जात नाही तेव्हा, असे मी एके काळी सहज म्हटले असते. आता इतके सहज म्हणवत नाही. कारण कानोसा घेणारा प्रत्येक जण भल्याचेच नाव घेतो. शॉटस्पॉटरही भल्याचेच नाव घेते. मला वाटते कसोटी ऐकल्यानंतरची आहे. हाकेला ओ द्यावी लागते. जो ओ देतो तो समोर येतो, आपले नाव सांगतो, पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर घेतो. कानोसा घेणारा समोर येत नाही.

काही जण विचारतात, अल्लाह तर सर्व ऐकतोच, दोन्ही खांद्यांवर लिहिणारे फरिश्ते बसलेच आहेत. मग ज्याने काही केले नाही त्याने मायक्रोफोनला का भ्यावे? हा प्रश्न मला एका जुम्म्यानंतर एका सज्जन माणसाने विचारला होता, म्हणून त्याची टिंगल मी करणार नाही. सूरह अल-मुजादला आठवा. खौला बिन्ते सालबा (रजि.) आपल्या पतीची तक्रार घेऊन प्रेषितांकडे (सल्ल.) आल्या होत्या. हजरत आइशा (रजि.) सांगतात की मी त्याच घरात एका बाजूला होते आणि तरी मला त्यांचे काही बोलणे ऐकू आले नाही. सात आसमानांवरून ते ऐकले गेले, आणि त्या स्त्रीच्या बाजूने कायदा उतरला. अल्लाहचे 'समीअ' असणे हे असे आहे. फरिश्त्यांच्या लिहिण्याविषयीही तबरानी यांच्या एका रिवायतीत येते की पाप घडल्यावर डावीकडचा फरिश्ता काही काळ लेखणी थांबवितो, मनुष्याने क्षमा मागितली तर लिहीत नाही. कोणत्या कंपनीच्या यंत्रात तौबाचे बटण आहे? अल्लाहच्या ऐकण्याला नमुना मानून माणसाने सर्वांचे ऐकत सुटणे ही बंदगी नव्हे. कुरआनमध्ये चोरून ऐकणाऱ्यांचा उल्लेख येतो, तो आकाशातील वार्ता चोरू पाहणाऱ्या सैतानांचा.

दूरदेशीचे दाखले देऊन मी घरच्या गोष्टीकडे कानाडोळा करतो आहे, असे होऊ नये. म्हणून पुढचे लिहितो.

मी ज्या मस्जिदीत इमामत करतो, तेथील चंद्याची पेटी एकदा फोडली गेली. कमिटीने कॅमेरे बसवायचे ठरविले. माझे मत विचारले, तेव्हा मी होकार दिला. पेटी ही लोकांची अमानत आहे, तिचे रक्षण करणे योग्यच, असे वर प्रवचनही दिले. कॅमेरे आले. ते केवळ पाहत नव्हते, ऐकतही होते, आणि 'असामान्य आवाज' झाला की कमिटीच्या पाच जणांच्या मोबाइलवर सूचना जात असे. हे आम्हांला खोक्यावरच्या मजकुरावरून समजले होते. आम्हांला ते सोयीचेच वाटले.

काही आठवड्यांनंतर इशाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. सगळे गेले होते. त्याने बोलण्यापूर्वी मान वळवून मागे पाहिले, दाराकडे पाहिले. वर पाहिले नाही. वर कोणी माणूस नव्हता. मग तो बोलला, आणि बोलता बोलता मोठ्याने रडला. काय बोलला ते मी येथे लिहिणार नाही. त्याचे ते रडणे यंत्राला असामान्य वाटले. सूचना गेली. चौघे झोपले होते, पाचव्याने मोबाइल उघडला आणि ऐकत राहिला. त्याच्या मनात वाईट होते असे मी म्हणत नाही. मस्जिदीत काय झाले या काळजीनेच त्याने उघडला असेल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गोष्ट चहाच्या टपरीवर होती.

त्याहून वाईट भाग माझा आहे. किती नोंदले गेले हे पाहण्यासाठी मी ते ध्वनिमुद्रण मागून घेतले आणि सुरुवातीपासून ऐकले. पहिली दोन मिनिटे तपासासाठी म्हणता येतील. पुढची मी का ऐकली, याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. माझा स्वतःचा धीर देणारा आवाज मी ऐकत होतो, आणि तो मला बरा वाटत होता. ज्याला लोकांचे बोलणे त्यांच्या इच्छेविरुद्ध ऐकायचे आहे, त्याच्या कानात कियामतच्या दिवशी वितळलेले शिसे ओतले जाईल, ही बुखारीतील हदीस मी मुलांना शिकवितो.

कमिटीशी बोलून कॅमेऱ्यांचा आवाज बंद केला. दोन वडीलधाऱ्यांनी विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते: पेटी पुन्हा फुटली तर? मी म्हणालो, फुटेल. पेटीवर रोखलेला कॅमेरा तेवढा ठेवला. दाराशी ठळक अक्षरांत पाटी लावली की येथे चित्रण होते, आवाज नोंदला जात नाही. टपरीवरच्या गोष्टीला मात्र कोणते बटण नव्हते. तो तरुण त्या दिवसापासून मस्जिदीत आला नाही. दुसऱ्या मस्जिदीत जातो असे कोणी सांगितले, कोणी म्हणाले कोठेच जात नाही. मी चौकशी करायची थांबविली, कारण चौकशीही पुन्हा तेच होते.

गेल्या जुम्म्याला असरनंतर मी त्याच्या घरी गेलो. दाराबाहेर उभे राहून सलाम केला. आत पंखा चालू होता, भांडे ठेवल्याचा आवाज आला, मग तो थांबला. दुसऱ्यांदा सलाम केला. तिसऱ्यांदा केला, आणि या वेळी माझे नाव सांगितले. प्रेषितांची (सल्ल.) शिकवण तीन वेळांची आहे, उत्तर आले नाही तर परतावे. दाराशी आणखी थोडे थांबलो असतो तर आत कोण आहे ते कळले असते. मी परत फिरलो. या जुम्म्याला पुन्हा जाणार आहे.